राखीव लाइन नावापुरती नको

बालाघाटच्या डोंगरभागात इंटरनेट पुरवायचं तर एका वाटेवर भागत नाही. लिंबागणेश परिसरात काम करताना आमच्याही दोन वाटा होत्या: रस्त्याकडेने आलेली फायबर केबल आणि टेकडीवरच्या टॉवरवरून डिशने घेतलेली राखीव लाइन. एक गेली तर राउटरने आपणहून दुसरी धरायची, अशी ओएसपीएफ या रूटिंग प्रोटोकॉलवर मांडणी.

जुलैअखेर, पीक विम्याची मुदत जवळ आलेली, सेवा केंद्रांपुढे शेतकऱ्यांच्या रांगा. त्यात जेसीबीने केबल तोडली. राखीव लाइन भार उचलेल म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण नेट आलंच नाही. डिशचा दिवा हिरवा, पलीकडच्या राउटरला पिंग जातोय, तरी एकही रूट येईना. शेवटी शेजारी राउटरांची यादी उघडली. तिथे पूर्ण जुळणी सांगणाऱ्या ‘फुल’ऐवजी ‘एक्सस्टार्ट’ लिहिलेलं होतं. टॉवरवरचा राउटर तिथल्या ठेकेदाराने मध्यंतरी बदलला होता. नव्या राउटरवर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल मर्यादा, 1492 बाइट, आमच्याकडे 1500. केबल चालू होती तोवर कुणाचं काही अडलं नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या. ओएसपीएफचे राउटर 224.0.0.5 या पत्त्यावर ठरावीक वेळाने ‘हॅलो’ पाठवतात. बांधावरून हाक मारावी तसंच हे, फक्त प्रत्येक हाकेत आजवर कुणाकुणाचा आवाज ऐकू आला त्यांची यादी असते. शेजाऱ्याच्या यादीत आपला राउटर-आयडी दिसला की ओळख ‘टू-वे’ झाली. पण एरिया, सबनेट मास्क (पॉइंट-टू-पॉइंट जोडणी सोडून), हॅलो आणि डेड टायमर, पासवर्ड यांतलं काही जुळलं नाही, तर गाडी तिथवरही जात नाही. ‘टू-वे’नंतर दोघे आपापल्या माहितीची यादी एकमेकांना देतात. त्या पॅकेटात एमटीयूचा आकडा असतो. तो स्वतःच्या एमटीयूपेक्षा मोठा दिसला की घेणारा राउटर पॅकेट नाकारतो आणि जोडणी ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्स्चेंज’मध्ये अडकते. साधा पिंग छोटा असल्याने बिनदिक्कत पार होतो आणि आपली फसगत होते.

म्हणून काही गोष्टी पाळा.

लाइन चालू आहे की नाही हे दिव्यावरून ठरवू नका. दोनच राउटरांच्या पॉइंट-टू-पॉइंट जोडणीत शेजारी ‘फुल’ दिसलाच पाहिजे. एका स्विचवर अनेक राउटर असतील तर काहींचं आपसात ‘टू-वे’वर थांबणं रीतसर आहे, तिथे घाबरू नका.

पिंग करायचा तर 1500 बाइटांचा, तुकडे न करण्याची अट घालून करा. एमटीयूची तपासणीच बंद करण्याची सोय बऱ्याच राउटरांत असते. तिने जोडणी ‘फुल’ दिसेल, पण मोठी पॅकेटं वाटेत गळत राहतील. आकडा दोन्ही टोकांना सारखा करणं हाच खरा इलाज.

टायमर समजून बदला. हॅलो 10 सेकंदांनी आणि डेड टायमर 40 सेकंद, हा नेहमीचा हिशेब. मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच असेल तर पलीकडे केबल तुटूनही आपला पोर्ट चालूच दिसतो. मग 40 सेकंद हॅलो आला नाही की राउटर शेजाऱ्याला गेलेला धरतो. फायबरवर याहून लवकर कळायला हवं असेल तर बीएफडी ही तुटलेली वाट झटपट ओळखणारी सोय वापरा. वाऱ्याने हलणाऱ्या डिशवर मात्र टायमर फार आवळू नका, नाहीतर जोडणी सारखी तुटत-जुळत राहील.

शेजाऱ्याची स्थिती बदलली की मोबाइलवर संदेश येईल अशी व्यवस्था ठेवा. मात्र जी जोडणी आधीपासूनच अडकलेली आहे, तिचा संदेश येईलच असं नाही. त्यासाठी शेजाऱ्यांची यादी उघडूनच पाहावी लागते.

आणि पेरणीआधी, विम्याच्या गर्दीआधी, रात्री वापर कमी असताना मुख्य लाइन मुद्दाम बंद करून पाहा. पलीकडचं यंत्र कुणीही बदललं तर त्याच दिवशी पुन्हा पाहा. वापरून न पाहिलेली राखीव लाइन हिशेबात धरू नका.