संगणकाची कार्यप्रणाली : निवड की सवय?

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षातील बहुतेक संगणक माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करून दिलेले आहेत. यंत्रे जुनी असली तरी धडधाकट आहेत. मात्र त्यांवर चालणाऱ्या विंडोज 10 या प्रणालीची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली. विंडोज 11 घ्यावी, तर ती टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणतः 2018 पासूनचा प्रोसेसर मागते. आमच्या यंत्रांत दोन्ही नाहीत. चालती यंत्रे भंगारात काढून नवी विकत घ्यावीत, की यंत्रे तीच ठेवून प्रणाली बदलावी, हा प्रश्न त्यामुळे पालकसभेपुढे आला. लिनक्सचे नाव निघताच एका पालकांनी विचारले, "सर, पोरांना पुढं नोकरीत विंडोजच लागते, मग हे लिनक्स कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्या सभेत आम्हांला त्याचे पुरेसे उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा ते देण्याचा प्रयत्न आहे. इतिहासाच्या शिक्षकाने संगणकावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण लोक एखादी वस्तू का पसंत करतात आणि त्या पसंतीला स्वतःची निवड का समजतात, हा मुळात इतिहासाचाच प्रश्न आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम अर्थात कार्यप्रणाली म्हणजे काय, हे निवासी शाळेत वाढलेल्यांना समजावणे सोपे आहे. वसतिगृहात गृहपाल जे करतात, ते संगणकात ही प्रणाली करते. कोणाला कोणती खोली, भोजनाची पाळी कोणाची, कोठाराची किल्ली कोणाकडे, बाहेरून आलेल्या माणसाला आत सोडावे की नाही, हे सारे तिच्या हाती असते. पत्र लिहिण्याचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम तिच्या परवानगीवाचून चालत नाही.

आता आपल्या भागात विंडोज का रुजली ते पाहू. तिचे गुण आहेतच. पण आमच्या मते खरे कारण मराठी अक्षरांत दडलेले आहे. विंडोज 95 आणि 98 या प्रणालींना देवनागरी येत नव्हती. ती उणीव श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फाँटांनी भरून काढली. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तेथे रोमन अक्षरच असे, आपल्या डोळ्यांना मात्र मराठी दिसे. या युक्तीवर महाराष्ट्रातील लग्नपत्रिका, वर्तमानपत्रे आणि स्मरणिका छापल्या गेल्या, हे उपकार विसरता येणार नाहीत. फाँट, पेजमेकर, कोरलड्रॉ हे सगळे विंडोजवर चालत असल्याने डीटीपीवाला विंडोजला बांधला गेला, आणि त्याच्याकडे काम नेणारे आपणही बांधले गेलो. पुढे 2001 साली एमकेसीएलची स्थापना झाली, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. त्यातील धडे विंडोज आणि एमएस ऑफिसवरचे होते. ज्यावर शिकलो तेच सोपे वाटते. मानोरा किंवा दिग्रसला संगणक दुरुस्तीस न्यावा, तर कारागिरालाही तेच येते. पसंती अशी साखळीने तयार होते.

या साखळीची किंमत आम्ही मोजली आहे. शाळेच्या एका जुन्या अंकाची फाईल आम्ही काही वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर कंस, टक्क्यांची चिन्हे आणि विस्कटलेली रोमन अक्षरे दिसली. विद्यार्थ्यांच्या आठवणी, दिवंगत शिक्षकांवरील लेख, देणगीदारांची यादी, सगळे त्यात होते. पण तो विशिष्ट फाँट नसल्यामुळे वाचता येईना. छापील प्रत हाती होती म्हणून ते लेखन वाचले. कागदपत्रांवाचून इतिहास राहत नाही हे वर्गात शिकवणाऱ्या आम्हांला हा धडा उशिराच मिळाला. येथे दोष विंडोजचा नव्हता. प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक देणारे युनिकोड 1991 पासून अस्तित्वात होते. विंडोज 2000 मध्ये देवनागरीची सोय आली. एक्सपीमध्येही ती होती, पण सीडी घालून वेगळी बसवावी लागे, आणि हे सांगणारे कोणी भेटले नाही. आज विंडोज व लिनक्स दोन्हींवर युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक सहज चालतो. ती अडचण संपली, तरी सवय मागे उरली.

आणखी एक गोष्ट संकोचाने लिहितो. विंडोज फुकट मिळते असा अनेकांचा समज आहे. नव्या संगणकासोबत परवाना आला, तर त्याची किंमत संगणकाच्या किमतीत धरलेली असते. परवाना नसताना कोणी प्रणाली भरून दिली, तर ती नक्कल बेकायदेशीर असते. एके काळी आमच्याही कक्षात अशा नकला होत्या. रोज सकाळी पंचशील ग्रहण करणाऱ्या शाळेने दुसऱ्या शीलाचा अर्थ संगणकापुरता बाजूला ठेवला होता, असेच म्हणावे लागेल.

लिनक्सची गोष्ट येथून वेगळी होते. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम कसा चालतो ते पाहण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि तो इतरांना देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, ही त्यामागची भूमिका. 1991 साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला. हे काही हौशी लोकांचे खेळणे राहिलेले नाही. जगातील सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतील सर्वच संगणक नोव्हेंबर 2017 पासून लिनक्सवर चालत आहेत, आणि लिनक्सला नको म्हणणाऱ्या त्या पालकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे! केरळच्या सरकारी शाळांनी आयटी@स्कूल प्रकल्पातून मुक्त प्रणाली स्वीकारली. तेथील मुले दहावीपर्यंत तिच्यावरच शिकतात. आपल्या देशात सी-डॅकनेही बॉस नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांसह तयार केली आहे.

आमच्या पोहरादेवी परिसराला या विषयात आणखी एक कारण आहे. संत सेवालाल महाराजांच्या या भूमीतील कितीतरी मुलांच्या घरी गोरबोली बोलली जाते. तिला स्वतःची रूढ लिपी नाही. आपल्याकडे ती देवनागरीत लिहितात, आंध्र-तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. गोरबोलीत सूचना दाखवणारा संगणक आमच्या पाहण्यात नाही. मुक्त प्रणालीत अशा भाषांतरासाठी कंपनीच्या बाजारहिशेबाची वाट पाहावी लागत नाही. तिचे मराठीकरणही बऱ्याच अंशी स्वयंसेवकांनी केले आहे. तांड्यावरची दहा जाणती मुले बसली, तर त्यांनाही ते काम हाती घेता येईल.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. आमचा जुना प्रिंटर लिनक्सवर तीन दिवस रुसून बसला होता. टॅली आणि जुने मराठी फाँट तेथे सरळ चालत नाहीत. संगणकाच्या अनेक परीक्षा विंडोजवरच होतात. म्हणून आम्ही विंडोज हद्दपार केली नाही. कार्यालयातील नवे दोन संगणक परवाना असलेल्या विंडोजवर ठेवले, परीक्षेचा सरावही त्यांवरच होतो. कक्षातील उरलेल्या यंत्रांवर लिनक्स मिंट बसवले. मुले आठवड्याभरात रुळली. शिक्षकांना महिना लागला, आम्हांला त्याहून थोडा अधिक.

या अंकासाठी नववीतील एका मुलीने आजीकडून ऐकलेली होळीची लेंगी लिहून घेतली. कक्षातील सर्वांत जुन्या संगणकावर, लिबरऑफिसमध्ये, युनिकोडात तिने ती टंकित केली आणि पेनड्राइव्ह छापखान्यात गेला. तेथील विंडोजवर फाईल उघडताच फोन आला. आम्ही धास्तावलो. "सर, अक्षरं सगळी नीट आहेत," पलीकडून विचारणा झाली, "फक्त ही भाषा कोणती?"