खारीचे पिल्लू

खार कोणाला माहीत नाही? अंगणातल्या निंबावर ती असते. चिंचेवर असते. कवेलूच्या फटीत असते. शेपटी उडवीत सरसर वर जाते आणि वरून चिर्र चिर्र ओरडते. लंकेचा पूल बांधताना खारीने वाळू वाहिली आणि रामाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली, असे आपले म्हातारे सांगतात. म्हणून तर लहानशा मदतीला आपण ‘खारीचा वाटा’ म्हणतो.

काही खारींच्या पाठीवर तीन पांढरे पट्टे असतात, काहींच्या पाच. महाराष्ट्रात दोन्ही जातींच्या खारी सापडतात.

खारीला एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्ले होतात. गवत, सुतळी, कापूस, चिंध्या असे मिळेल ते गोळा करून ती घरटे करते. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर केस नसतात. डोळे मिटलेले असतात. अंग गुलाबी असते. सुमारे तीन आठवड्यांनी डोळे उघडतात. पुरते अंगावरून सुटायला अडीच महिने लागतात. पिल्लांचे सगळे आई एकटीच करते. बाप लक्ष देत नाही. म्हणून आई मेली, की पिल्लू खरोखर पोरके होते.

पिल्लू खाली कसे येते?

आपल्या वाशीम भागात उन्हाळ्यात वावटळ येते. कधी गारा पडतात. घरटे फांदीवरून सुटते. कधी कोणी झाड तोडतो. कधी पावसाळ्याआधी कवेलू फेरताना घरटे हाती लागते. कधी मांजर आईला धरते. मग दोन बोटांएवढा जीव मातीत पडलेला दिसतो. त्याला मुंग्या लागतात.

पोरे धावत येतात. कोणी कळवळून वाटीत गाईचे दूध आणते. कापसाचा बोळा दुधात भिजवून पिल्लाच्या तोंडात पिळते. पिल्लू दोन घोट घेते. सगळ्यांना आनंद होतो. सकाळी पाहावे, तर पिल्लू मेलेले असते. लोक म्हणतात, “त्याचं आयुष्यच तेवढं होतं.”

पण पुष्कळदा तसे नसते. माया होती, पण रीत माहीत नव्हती. ती रीत आज आपण शिकू.

आधी आईची वाट पाहा

पिल्लू सापडले म्हणजे ते पोरके झाले, असे समजू नका. आई जवळच्या झाडावर असू शकते. माणसे उभी आहेत म्हणून ती खाली येत नाही. माणसाचा हात लागला तर आई पिल्लू टाकते, असे काही लोक म्हणतात. ते खरे नाही. आई आली तर ती पिल्लाला तोंडात धरून नव्या जागी नेते.

पिल्लू उचला. अंगावरच्या मुंग्या ओल्या फडक्याने काढा. पिल्लू गार असेल तर आधी त्याला ऊब द्या. ती कशी द्यायची, ते पुढे सांगितले आहे. मग लहान टोपलीत मऊ फडके घालून त्यात पिल्लू ठेवा. टोपली त्याच झाडाला, मांजर-कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशी बांधा. तीवर ऊन येऊ देऊ नका. मग सगळ्यांनी दूर जा. पोरांना आत बोलवा. कुत्रा बांधून ठेवा. तीन-चार तास दुरून लक्ष ठेवा. मधून मधून पिल्लू गार पडले नाही ना, ते पाहा.

हे दिवसाच करा. खार रात्री फिरत नाही. अंधार पडेपर्यंत आई आली नाही, तर पिल्लू घरात आणा. पिल्लाला जखम असेल किंवा मांजराने त्याला तोंडात धरलेले असेल, तर आईची वाट पाहू नका. मांजराच्या दातांची खूण टाचणीएवढी असली तरी आत विष पसरते. अशा पिल्लाला लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्या.

ऊब आधी, दूध मागून

समजा, एका घरी असेच पिल्लू आले. नात दूध आणायला निघाली.

“थांब बाई,” आजी म्हणाली. “दूध नोको. आधी हात लावून पाय. थंड हाये का ऊन हाये?”

“थंड हाये आजी. मातीसारखं.”

“मंग त्याले आधी ऊब दे. थंड्या पोटात दूध जिरत नाही. पोटातच नासते.”

“पण ते भुकेलं हाये ना!”

“भुकेनं ते रातभर तग धरीन. थंडीनं घडीभरात जाईन.”

आजीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. गार पडलेल्या पिल्लाचे आतडे काम करीत नाही. तेव्हा दिलेले दूध त्याला मारते.

ऊब अशी द्या. पिल्लू दोन्ही तळहातांत धरा, किंवा फडक्यात घेऊन छातीशी धरा. तोवर दुसऱ्याने एका बाटलीत गरम पाणी भरावे. बूच घट्ट लावून बाटलीवर कापड गुंडाळावे. एक खोके घ्या. झाकणाला हवेसाठी भोके पाडा. आत जुन्या सुती लुगड्याच्या चार घड्या घाला. दोरे सुटलेले कापड घेऊ नका. पिल्लाची नखे त्यात अडकतात. बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. म्हणजे पिल्लाला गरम झाले तर ते दुसऱ्या बाजूला सरकेल. पाणी निवले की बदला.

पिल्लू चुलीजवळ ठेवू नका. उन्हात ठेवू नका. वैशाखात आपल्याकडे आधीच अंग भाजते. तेव्हा दुपारी बाटलीची गरज पडत नाही. पहाटे मात्र पाहा. पिल्लाचे पोट आपल्या मनगटाला कोमट लागले, की ऊब बरोबर आहे असे समजा.

मग पाणी

पिल्लाचे अंग गरम झाले, आता दूध द्यायचे का? अजून नाही. तासन् तास मातीत पडलेल्या पिल्लाच्या अंगातले पाणी आटलेले असते. त्याच्या पाठीवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, तर पाणी फार कमी झाले आहे असे समजा.

लहान मुलाला हगवण लागली की आपण जलसंजीवनीची पुडी देतो. तीच पुडी येथे उपयोगी पडते. पाणी उकळून निववा. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवा. हे पाणी कोमट करून थेंब थेंब पाजा. दोन-तीन वेळा हेच द्या. मग दूध सुरू करा.

दूध कोणते आणि किती?

खारीच्या दुधात स्निग्धपणा जास्त असतो, साखर कमी असते. गाई-म्हशीचे दूध तसे नाही. ते पिल्लाला पचत नाही. हगवण लागते. एवढ्याशा जीवाला एका दिवसाची हगवणही पुरे होते.

कुत्र्याच्या पिल्लांना पाजण्याची दूधभुकटी जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते. ती सर्वांत बरी. ती हाती येईपर्यंत शेळीचे दूध चालेल. दूध उकळा, निववा आणि कोमट असताना द्या. साखर घालू नका. पहिल्या दिवशी अर्धे दूध आणि अर्धे पाणी घ्या. हगवण लागली नाही, तर पुढे पाणी कमी करा.

पाजायला १ मिलिलिटरची सिरिंज आणा. तिची सुई काढून टाका. बाळाच्या औषधाची थेंब मोजायची नळीही चालते. वाटी आणि चमचा वापरू नका.

पिल्लाला उताणे धरू नका. आपण तान्ह्या बाळाला मांडीवर आडवे घेतो, तसे तर मुळीच नको. पिल्लाचे पोट खाली आणि डोके थोडे वर असू द्या. ओठाला एक थेंब लावा. ते चाटेल. मग दुसरा थेंब द्या. घाई केली तर दूध फुप्फुसात जाते आणि पिल्लू मरते. नाकातून दूध आले तर लगेच थांबा. डोके खाली करा, नाक पुसा, श्वास नीट चालला की मगच पुढे पाजा.

किती पाजावे? सोनाराकडे बारीक वजनाचा काटा असतो. त्यावर पिल्लू तोला. वजन २० ग्रॅम असेल तर एका वेळी १ मिलिलिटर दूध पुरे. १० ग्रॅम असेल तर अर्धा मिलिलिटर. पोट गोल दिसावे, पण ताठ होऊ नये.

किती वेळाने पाजावे?

अंगावर केस नसतील तर दर २ तासांनी. रात्रीही उठावे लागते.
केस आले, पण डोळे मिटलेले असतील तर दर ३ तासांनी.
डोळे उघडले असतील तर दर ४ तासांनी. मग रात्री उठायची गरज नाही.

घरात चार माणसे असतील तर पाळी लावा. एकटीवर भार नको.

लोक विसरतात ती गोष्ट

लहान पिल्लाला आपण होऊन लघवी आणि शी करता येत नाही. आई चाटते, तेव्हा ती होते. आई नसेल तर हे काम आपले. दर वेळी पाजले, की कोमट पाण्यात कापूस भिजवा आणि पिल्लाच्या शेपटीखाली हलक्या हाताने फिरवा. थोड्या वेळात लघवी होते. मग कोरड्या फडक्याने पुसा. डोळे उघडेपर्यंत आणि पुढेही काही दिवस हे करावे लागते. हे न केल्याने पोट फुगते आणि दूध चांगले असूनही पिल्लू जाते.

पाजण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. सिरिंज उकळलेल्या पाण्याने धुवा. पोरांना पिल्लू घेऊन गावभर फिरू देऊ नका. पिल्लू चावले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

याले कायले वाचवावं?

त्या घरचा कर्ता पुरुष शेतातून आला. त्याने खोके पाहिले.

“खारी भुईमुगाच्या शेंगा उकरून खातात. आन् तुम्ही याले दूध पाजता?”

आजी म्हणाली, “शेतातली खार हाकल बापा, तुले कोण नाही म्हणते? पन हे आपल्या ओसरीवर आलं. यानं अजून शेंग पायली नाही.”

दोघांचेही खरे आहे. खार शेंगा खाते, फळे कुरतडते. ती किडेही खाते. तिने पुरून ठेवलेल्या बियांतल्या काही बिया रुजतात. पिकाची राखण करावी, तो शेतकऱ्याचा हक्क आहे. पण दारात पडलेला आंधळा जीव ही चोरी करणारी खार नव्हे.

खाणे आणि खेळणे

डोळे उघडले, दात आले, की दुधाबरोबर थोडे थोडे खाणे द्या. पेरूची फोड, केळ्याचा तुकडा, भिजवलेला हरभरा, कोवळा पाला द्या. नुसते शेंगदाणे देऊ नका. चहा, बिस्किट, शेव-चिवडा, तिखट-मीठ काही नको. बशीत थोडे पाणी ठेवा. आता खोके पुरत नाही. जाळीचा मोठा पिंजरा करा. त्यात फांद्या बांधा. साल असलेली लाकडे ठेवा. खारीचे दात सारखे वाढतात. कुरतडायला मिळाले नाही तर ते वाकडे होतात.

शेवटचे काम अवघड

अडीच-तीन महिन्यांनी पिल्लाची शेपटी झुपकेदार होते. ते आपले आपण फोडून खाते. मांजर दिसले की ओरडते. घरच्या माणसांच्या हातीही लवकर येत नाही. पोरांना वाईट वाटते. खरे तर आपले काम नीट झाले, याची ती खूण आहे.

“आजी, हे आपल्याच घरी राहू दे ना,” नात म्हणाली.

“पाखराचं बळ पंखात, खारीचं बळ झाडात,” आजी म्हणाली. “पिंजऱ्यात ते जगीन, पन खार म्हणून नाही जगणार.”

कायदाही हेच सांगतो. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. रानातला जीव परवानगीवाचून पाळण्यासाठी नाही. म्हणून पिल्लू घरी आणले त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा यांपैकी जो तालुका आपला, तेथे विचारा. वनखात्याचा १९२६ हा फोन क्रमांकही आहे. जखमी रानजनावरांवर इलाज करण्यासाठी वनखात्याने नागपूरला सेमिनरी हिल्स येथे केंद्र चालवले आहे. जाणता माणूस मिळाला तर पिल्लू त्याच्या हाती द्यावे. तोपर्यंत त्याला जगवणे, एवढे आपले काम.

सोडताना एकदम सोडू नका. पिंजरा झाडावर सावलीत बांधा. चार-सहा दिवस तेथेच खाणे द्या. मग सकाळी दार उघडा. दार उघडेच ठेवा. रोज त्याच जागी थोडे खाणे ठेवा. खार पहिल्यांदा संध्याकाळी परत येईल. मग एक दिवस येणार नाही. पिंजरा रिकामा दिसला तर डोळे पुसा आणि तो उतरवून ठेवा.

एखादे पिल्लू इतके करूनही जगत नाही. मन लावून केले असेल तर स्वतःला दोष देऊ नका. पुढच्या वेळी हात अधिक सराईत होतो.

लक्षात ठेवा

१. आधी आईची वाट पाहा.
२. आधी ऊब, मग पाणी, मग दूध.
३. गाई-म्हशीचे दूध नको.
४. उताणे धरून पाजू नका.
५. पाजल्यावर लघवी करवा.
६. वनखात्याला कळवा.
७. मोठे झाले की झाडावर सोडा.

वाचा आणि सांगा

१. आजीने नातीला दूध आणू का दिले नाही?
२. पिल्लाचे वजन ३० ग्रॅम असेल तर एका वेळी किती दूध द्याल?
३. पिल्लू माणसाला भिऊ लागले, ही चांगली खूण का?
४. तुमच्या अंगणात खारी कोणत्या झाडावर राहतात? पाच ओळी लिहा.