एका वेळी एकच डबा

टेक्सासमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की बरेच रायफलवाले घरीच काडतुसे भरायला बसतात. वापरलेली पुंगळी साफ करायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. इथे स्वतःपुरते हे करायला कायद्याची आडकाठी नाही. भारतात मात्र परवान्याशिवाय काडतूस बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. तिकडे कुणी याच्या वाटेला जाऊ नये.

मी हे लिहितो आहे ते नेमबाजीच्या मैदानावर शेजारच्या बाकावर घडलेल्या प्रकारामुळे. मुरलेला नेमबाज, .३०८ ची रायफल. चाप ओढताच दस्ता चिरला, मॅगझिन खाली उडाले, बोल्ट जागीच गच्च बसला. डोळे वाचले ते केवळ चष्म्यामुळे. उरलेली काडतुसे उघडली तेव्हा उलगडा झाला. दारू मोजण्याच्या यंत्रात आदल्या दिवशीची पिस्तुलाची दारू शिल्लक होती आणि तिच्यावरच रायफलीची ओतली गेली होती.

दोन्ही दिसायला करडे कणच. फरक जळण्याच्या वेगात. पिस्तुलाची दारू झटकन जळते. रायफलीची सावकाश जळत गोळीला रेटत नेते. .३०८ साठी दाबाची कमाल मर्यादाच चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. मोटारीच्या टायरमध्ये तो पस्तीसेक असतो. ही मर्यादा फार ओलांडली की पोलादही टिकेलच असे नाही.

म्हणून बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवा. काम थांबवताना यंत्र पूर्ण रिकामे करा, मगच उठा. बिनलेबलाची दारू कितीही महागाची असो, वापरू नका. नावातल्या आकड्यावरही विसंबू नका: एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या वेगवेगळ्या दारू आहेत, एकीचे मापांचे कोष्टक दुसरीला लावू नये. कोष्टकातल्या कमाल मापापासून कधीच सुरुवात करू नका; किमान दहा टक्के खाली राहा. गोळ्या बसवण्याआधी पुंगळ्या ओळीने लावून टॉर्चच्या उजेडात प्रत्येकीत डोकावा; एखादीत दारू दोनदा पडलेली असेल तर तिथेच दिसते. भरताना गप्पा नकोत, टीव्ही नको.

मैदानावर आवाज फुसका आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळीच फुटू शकते.

आणि दुसऱ्याने घरी भरलेले काडतूस, तो सख्खा भाऊ असला तरी, आपल्या रायफलीत घालू नका.