उकळून भागत नाही, मनू

मनू, चार महिन्यांचं बाळ घेऊन तू परत जयपूरच्या खातीपुऱ्यात गेलीस, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. घरमालकीण म्हणते ना, "हमारे बोरिंग का पानी तो मीठा है"? असेल गोड. पण बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं, आणि त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. नळाला बीसलपूर धरणाचं पाणी येतं, पण कमी पडलं की बोअर नाहीतर टँकर, आणि सगळं त्याच टाकीत!

आईनं आपल्याला लावलेली सवय म्हणजे शंका आली की पाणी उकळायचं. जंतूंसाठी ती अगदी बरोबर आहे. नायट्रेटचं मात्र उलटं होतं. डाळ आटली की खारट होते ना, तसंच. पाण्याची वाफ होते, नायट्रेट पातेल्यातच राहतं. तुरटी, कँडलचा फिल्टर, नुसता यूव्ही, कशानंही ते जात नाही. आरओनं बरंचसं जातं, पण मेंब्रेन जुनं झालं की तोही ढिला पडतो. आणि तो आरओवाला टीडीएस मीटर बुडवून "एकदम बढ़िया" म्हणेल, त्यावर जाऊ नकोस. तो मीटर सगळे क्षार मिळून एकच आकडा दाखवतो, त्यात नायट्रेट किती ते कळत नाही.

हे येतं कुठून? शोषखड्डे, फुटके सांडपाण्याचे पाइप, शेण, शेतातला युरिया. जयपूरला नावं ठेवायची गरज नाही हं. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात राजस्थानातले जवळजवळ निम्मे नमुने मर्यादेबाहेर होतेच, पण सर्वाधिक त्रासाच्या जिल्ह्यांत आपले वर्धा, बुलढाणा, अमरावतीही आहेत.

मोठ्यांचं एक वेळ निभावतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त मात्र नायट्रेटनं प्राणवायू वाहायला कमी पडतं. म्हणून अंगावरचंच पाज. तू प्यायलेल्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही. जयपूरचा उन्हाळा असला तरी वरचं पाणी नको. सासूबाई सहाणेवर बाळगुटी उगाळायला बसल्या तर गोड बोलून टाळ, हवं तर माझं नाव सांग. डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंच, तर ते तपासलेल्या पाण्यातच कालव. ओठ, नखं निळसर-राखाडी दिसली, बाळ मलूल पडलं, तर रात्र असो की दिवस, थेट दवाखाना गाठ आणि कुठलं पाणी पाजलं तेही सांग.

पाणी तपासून अहवाल आला की एकक नीट बघ. आपल्या मानकाप्रमाणे नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. काही प्रयोगशाळा तेच 'नायट्रोजन म्हणून' मोजतात, तिथे मर्यादा साधारण 10. तशा अहवालात 20 दिसले आणि तू 45 शी ताडून खूश झालीस, तर ते खरं जवळपास 89 नायट्रेट असेल!

तेव्हा उद्याच दोन स्वच्छ बाटल्या त्याच पाण्यानं तीनदा विसळून भर, एक बोअरची आणि एक आरओच्या नळाची. भाऊजींना ऑफिसला जाता जाता जलदाय विभागाच्या प्रयोगशाळेत द्यायला सांग, आणि अहवालाचा फोटो मला पाठव.