असन्निधानी स्मरण

वैनगंगेच्या परिसरातील भंडारा हे नीळभट भांडारेकारांचे गाव. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमणकाळात त्यांस येथेच सन्निधान लाभले. ते प्रत्यक्ष सन्निधान आज नाही. मग साधकाने काय करावे?

दुष्कर्माने नरक, सत्कर्माने स्वर्ग. परंतु फळ भोगताच सरते. कर्मफळे देवता देतात. मोक्षदाता परमेश्वर एकच. म्हणून असन्निधानी त्याचे स्मरण हाच आधार होय.

स्मरण म्हणजे मन रिते करणे नव्हे. विजनात बसून नाम, मूर्ती, लीळा व चेष्टा आठवाव्या लागतात. १३व्या शतकात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने लीळा संकलित केल्या, त्यांचे मोल येथे कळते. तो आधार सुटला, तर स्मरणाची जागा कल्पना घेते.

धानाच्या बांधीत राबणाऱ्या वासनिकाने यासाठी प्रपंच टाकावा असे नाही. अहिंसेने वागावे आणि दिवसातील काही काळ स्मरणास द्यावा. मात्र ‘इतके स्मरण केले, आता इतके फळ मिळावे’ असा हिशेब मांडू नये. फळासाठी मोजलेले स्मरण पुन्हा कर्मच होते. जीवाने योग्यता धरावी. कृपा परमेश्वराधीन आहे.