मुलांचा इन्फ्लुएंझा : डॉक्टरांकडे केव्हां न्यावें?

इन्फ्लुएंझाचा ताप आलेलीं बहुतेक मुलें घरच्या शुश्रूषेनें बरीं होतात. ताप तीन-चार दिवसांत उतरतो; खोकला व अशक्तपणा आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. परंतु कांहीं मुलांस याच दुखण्यांतून न्युमोनिया होतो. १९१८ सालच्या सांथींत पुष्कळांचा अंत न्युमोनियानेंच झाला. म्हणून आईबापांनीं केवळ अंग किती तापलें हें न पाहतां पुढील चार गोष्टी पाहाव्या.

१. श्वास. मूल शांत असतां त्याचें पोट उघडें करावें आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील मुलाचे ६०, दोन महिन्यांपुढें वर्षाच्या आंत ५०, आणि एक ते पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. श्वास घेतांना बरगड्यांखालची जागा आंत ओढली जात असेल किंवा ओंठ निळसर दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब करूं नये.

२. पाणी. मूल पीत नाहीं, प्यालेलें सर्व ओकतें, रडतांना डोळ्यांत पाणी येत नाहीं, किंवा आठ तास लघवी झाली नाहीं, तर शरीरांतील पाणी आटत आहे असें समजावें.

३. शुद्धि. मूल हांकेस ओ देत नाहीं किंवा त्यास आंकडी येते, तर तें मोठें भय होय. आंकडी आल्यास त्यास कुशीवर निजवावें. तोंडांत कांहीं घालूं नये. अंगाऱ्यांत गेलेला वेळ परत येत नाहीं.

४. उलटलेला ताप. ताप उतरून मूल खेळूं लागतें आणि मग ताप व खोकला अधिक जोरानें येतात. हें नवें दुखणें फुप्फुसांत शिरल्याचें चिन्ह असूं शकतें.

तीन महिन्यांच्या आंतील बालकास नुसता ताप आला तरी डॉक्टरांस दाखवावें. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलासही लवकर न्यावें. कारण या रोगावरील औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास अधिक गुण येतो.

मुलास अ‍ॅस्पिरिन कदापि देऊं नये. त्यानें यकृत व मेंदू यांस घातक विकार होऊं शकतो. मागच्या दुखण्यांतील उरलेल्या गोळ्याही देऊं नयेत.

मजुरी बुडेल, वाट लांब आहे, सकाळीं पाहूं, असें मनांत येतें. परंतु धाप सकाळची वाट पाहत नाहीं. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य येते.

उपदेशकांनीं हा धडा वाचून दाखवून पुढील प्रश्न विचारावे :
(१) दोन वर्षांच्या मुलाचे मिनिटास ४४ श्वास भरले तर काय करावें?
(२) कोणत्या वयाच्या बालकाचा नुसता तापही घरीं ठेवूं नये?
(३) उतरलेला ताप पुन्हां चढला तर निश्चिंत कां राहूं नये?