फोडणी द्या, पण दार लावून
प्रश्न : मुलगी जर्मनीत शिकायला निघाली आहे. वसतिगृहात स्वयंपाकघर सामायिक आहे आणि शेजारी निरनिराळ्या देशांचे. तिला जमेल ना?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नक्की जमेल. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिथल्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी लागणारा राहत असल्याचा दाखला वसतिगृहाकडून पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात, तेव्हा मिक्सर लावू नये. फोडणी देताना खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेवावं, नाहीतर बाहेरचा धुराचा भोंगा वाजतो. साफसफाईची पाळी चुकवू नये; कुरबुरी तिथूनच सुरू होतात. पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना पोहे खायला बोलवावं. मात्र शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हे आधी विचारावं.